बोर्नचा कारखाना आणि तासांची वही

नोकरीवर रुजू झाल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो भूखंडाचा. कंपनीला बॅटरी बनवायची आहे, सरकार मदत करतंय आणि त्या मदतीची कागदपत्रं मी सांभाळायची आहेत, एवढं मला मुलाखतीत सांगितलं होतं. म्हणून मी विचारलं, जागा कुठल्या औद्योगिक वसाहतीत मिळाली, ताबापावती कोणाकडे आहे आणि उत्पादन सुरू करायची मुदत काय आहे? समोरचे दोघे इंजिनिअर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्यातल्या एकाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. डावीकडे माणसांची नावं, वर तारखा आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: चार, साडेसहा, आठ, शून्य. "मदत मिळते ती यावर," तो म्हणाला.

मी मूळची छत्रपती संभाजीनगरची. लग्नानंतर नेदरलँड्सच्या दक्षिण भागात, आइंडहोवनला आले. डच भाषेची परीक्षा होईपर्यंत घरी होते. मग शेजारच्या हेल्मंड गावात, वाहनउद्योगाच्या कॅम्पसजवळच्या एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम मिळालं. ट्रक आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी बॅटरीचे पॅक तयार करणारी ही कंपनी. बॅटरीतलं मला काही कळत नव्हतं. पण उद्योगांना सरकार सवलती कशा देतं हे आपल्याला ठाऊक आहे, असं मला ठामपणे वाटत होतं, आणि त्याला कारण होतं.

गावाकडे मी एका सल्लागाराच्या ऑफिसात काम करायचे. तिथे दिवसभर सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या फायली. १९६४ पासून चालत आलेली ही महाराष्ट्राची योजना, दर काही वर्षांनी नव्या रूपात येणारी. तिचं तत्त्व सरळ आहे. मुंबई-पुण्याजवळच्या तालुक्याला कमी, मागास तालुक्याला जास्त. जिल्हा उद्योग केंद्रातून पात्रता प्रमाणपत्र, जमिनीच्या खरेदीवर मुद्रांक शुल्काची माफी, ठरावीक वर्षं विद्युत शुल्काची माफी, राज्याच्या जीएसटीचा परतावा. त्यासाठी शेडची बिलं, यंत्रांची बिलं, सीएचं प्रमाणपत्र आणि उत्पादन सुरू झाल्याचा पुरावा. कारखाना उभा राहिला, माल बाहेर पडला, की दावा दाखल करायचा. माझे बाबा संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, बजाजला सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये आयुष्यभर सुपरवायझर होते. १९८० च्या दशकात बजाज वाळूजला आली नसती, तर आम्ही पैठण तालुक्यातल्या कोरडवाहू शेतीवरच राहिलो असतो. त्यामुळे सवलती देऊन कारखाना आणण्याची चेष्टा करणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही.

आणि इथे माझ्यासमोर तासांचा तक्ता. या योजनेला सगळे डब्ल्यूबीएसओ म्हणतात. १९९४ पासून चालू आहे. कंपनीत संशोधन करणाऱ्या माणसाच्या पगाराचा काही भाग सरकार उचलतं. २०२५ साठी दर असा होता: पहिल्या ३ लाख ८० हजार युरोंच्या संशोधन खर्चावर ३६ टक्के, त्यापुढच्या खर्चावर १६ टक्के, आणि कंपनी नवी असेल तर पहिल्या टप्प्यात ५० टक्के. पण पैसे बँकेत येत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापून सरकारला भरायचा जो कर असतो, त्यातून तेवढी रक्कम वजा करायची. म्हणजे पगारदार माणूसच नसेल तर सवलत नाही. रिकाम्या शेडला इथे एक सेंटही मिळत नाही.

अर्ज काम सुरू होण्याआधी करावा लागतो. झालेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत. आणि तासांची नोंद दहा कामाच्या दिवसांच्या आत हवी. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या प्रकल्पावर किती तास दिले. ही नोंद इंजिनिअरांकडून काढून घेणं हे माझं काम ठरलं, आणि तिथेच माझा खरा गोंधळ सुरू झाला. कोणता तास संशोधनाचा? ग्राहकाला प्रयोगशाळा दाखवली, तो तास नाही. विकत आणलेलं वेल्डिंगचं यंत्र बसवलं, तो नाही. बाजारपेठेचा अभ्यास केला, तोही नाही. मग कुठला?

आमच्याकडे एक इंजिनिअर गोंदावर काम करतो. बॅटरीच्या पॅकमध्ये सेल एकमेकांना चिकटवलेले असतात, कारण रस्त्यावरचे हादरे सोसायचे असतात. गोंद जितका पक्का तितका पॅक टिकाऊ. पण दहा-बारा वर्षांनी तो पॅक उघडून आतलं निकेल आणि लिथियम परत मिळवायचं, तर तोच गोंद वैरी होतो. युरोपने २०२३ मध्ये बॅटरीचा नवा कायदा केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेवरच्या गाडीच्या प्रत्येक बॅटरीला स्वतःचा डिजिटल पासपोर्ट लागणार आहे, आणि जुन्या बॅटरीतून काय आणि किती परत मिळवायचं याचीही टक्केवारी ठरली आहे. म्हणून हा माणूस असा गोंद शोधतोय जो गाडीत घट्ट धरेल आणि ठरावीक तापमानाला सुटेल. मी वही घेऊन त्याच्या टेबलाशी बसते. टेबलावर हातभर लांबीची अॅल्युमिनियमची चौकट, तिच्यात दाटीने उभे केलेले रिकामे सेल, बाजूला पातळ पाती आणि तापमान मोजणाऱ्या तारा. पाती सरकवताना तो श्वास रोखून धरतो. त्याची नोंद एकदा अशी होती: "नमुना तिसरा. कडेचे सेल सुटले, मधले नाहीत. पाच तास."

मी विचारलं, फसलेल्या प्रयोगाचे तास लिहायचे? तो म्हणाला, "तेच तर लिहायचे." अर्जातला मुख्य प्रश्नच तो असतो: तुमच्यापुढे असा कोणता तांत्रिक अडथळा आहे, ज्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही? उत्तर माहीत असेल तर ते संशोधन नाही, आणि मग सवलतही नाही. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. ज्या व्यवस्थेत मी वाढले तिथे उत्पादन सुरू झाल्याच्या तारखेआधी सरकारच्या लेखी काही घडलेलंच नसतं. इथे सरकार फसण्याच्या तासांचे पैसे भरतं आणि कारखाना उभा राहील की नाही हे विचारतही नाही. मला हे उदारपणाचं वाटलं आणि त्याच वेळी भयंकर बेभरवशाचंही.

मग डच सरकार कारखाने आणतच नाही का? हा प्रश्न मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना विचारत राहिले. हळूहळू समजलं ते असं. युरोपियन युनियनमध्ये कुठल्याही देशाला वाटेल त्या कंपनीला वाटेल तेवढे पैसे देता येत नाहीत. मागास भागांचा नकाशा ब्रसेल्सकडून मंजूर करून घ्यावा लागतो आणि मोठ्या रकमेला वेगळी परवानगी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा करून बॅटरीच्या सेलवर दर किलोवॉट-तासामागे ३५ डॉलरची करसवलत द्यायचं ठरवलं, तेव्हा युरोप घाबरला. मार्च २०२३ मध्ये नियम सैल झाले. लगेच जर्मनीने उत्तरेकडच्या हाइडे गावात स्वीडनच्या नॉर्थव्होल्टचा कारखाना यावा म्हणून ९० कोटी २० लाख युरोंची मदत देऊ केली. जानेवारी २०२४ मध्ये ब्रसेल्सची मंजुरीही आली. मार्च २०२५ मध्ये नॉर्थव्होल्टने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच जर्मनीत बर्लिनजवळ टेस्लाने २०२१ मध्ये बॅटरीसाठीचं एक अब्जाहून अधिक युरोंचं अनुदान स्वतःहून नाकारलं होतं, आणि गाड्यांचा कारखाना तरीही काढला. ज्याला मदत मंजूर झाली तो बुडाला आणि ज्याने नाकारली तो उभा राहिला. यावरून नियम काढता येत नाही, पण माझ्या डोक्यातलं साधं गणित मात्र पार विस्कटलं.

नेदरलँड्स या शर्यतीत उतरलाच नाही. त्याच्या राष्ट्रीय विकास निधीतून जून २०२३ मध्ये बॅटरीच्या एका मोठ्या कार्यक्रमाला २९ कोटी ६० लाख युरो जाहीर झाले, पण ते नवं साहित्य, जड वाहनांच्या बॅटरी आणि पुनर्वापर यांच्यासाठी, अनेक कंपन्या आणि विद्यापीठांत वाटून. सेलचा अवाढव्य कारखाना त्यात नाही. पुढच्या वर्षी आलेल्या सरकारने तर या निधीच्या उरलेल्या फेऱ्याच रद्द केल्या.

आमच्या कंपनीत एक वयस्क तंत्रज्ञ आहे, लिम्बुर्ग प्रांतातला. माझे प्रश्न ऐकून तो म्हणाला, "तुला कारखाना आणणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर बोर्नला चल." एका शनिवारी त्याने मला आणि माझ्या नवऱ्याला गाडीतून तिकडे नेलं.

बोर्न हे सिटार्डजवळचं छोटं गाव. लिम्बुर्गचा हा भाग कोळशाच्या खाणींवर जगायचा. डिसेंबर १९६५ मध्ये अर्थमंत्री योप डेन आउल यांनी हेरलेन शहरात येऊन खाणी बंद करत असल्याचं जाहीर केलं. हजारो खाणकामगारांना पर्यायी काम द्यायचं तर कारखाना हवा. मग सरकारी मदतीने आइंडहोवनच्या डाफ कंपनीचा मोटारींचा कारखाना १९६७ मध्ये बोर्नला आला. आमच्या तंत्रज्ञाचे आजोबा खाणीत होते, वडील डाफमध्ये, आणि तो स्वतः तरुणपणी त्याच शेडमध्ये व्होल्वोच्या गाड्यांना दरवाजे बसवायचा. हे ऐकताना मला एकदम घरच्यासारखं वाटलं. हे त्यांचं वाळूज होतं! ज्या देशाला मी केवळ तासांच्या वहीत ओळखत होते, त्यानेही एकेकाळी आपल्यासारखंच मागास भागात कारखाना आणून बसवला होता.

पुढची हकिकत त्याने कुंपणाच्या कडेने चालता चालता सांगितली. डाफचा मोटारींचा धंदा व्होल्वोकडे गेला. तो चालेना, तेव्हा १९८१ मध्ये सरकारच बहुसंख्य भागीदार झालं. १९९१ मध्ये डच सरकार, व्होल्वो आणि जपानची मित्सुबिशी असे तीन सारखे भागीदार होऊन नेडकार कंपनी निघाली. सरकार बाहेर पडलं, व्होल्वो बाहेर पडली. २०१२ मध्ये मित्सुबिशीनेही जायचं ठरवलं, आणि व्हीडीएल या ब्राबांत प्रांतातल्या उद्योगसमूहाने तो कारखाना एका युरोला घेतला, पंधराशे कामगारांसकट. २०१४ पासून तिथे बीएमडब्ल्यूसाठी मिनी गाड्या बनू लागल्या. काही वर्षांनी त्यांत चार्जिंगची हायब्रिडही होती. मग बीएमडब्ल्यूने २०२० मध्ये करार पुढे वाढवणार नसल्याचं कळवलं. विजेवरच्या गाड्यांच्या नव्या कंपन्यांशी बोलणी झाली. अमेरिकेच्या कानूशी २०२१ मध्ये करार झाला, तो त्याच वर्षाअखेर मोडला. कानू पुढे स्वतःच दिवाळखोरीत गेली. दुसऱ्या एका अमेरिकी कंपनीशी चाललेल्या बोलण्यांतूनही काही निघालं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटची मोटार बाहेर पडली.

शेजारी स्टेरेबोस नावाचं जुनं जंगल आहे. कारखान्याच्या विस्तारासाठी ते तोडायचं ठरलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये तरुण मुलं थंडीत झाडांवर चढून बसली आणि न्यायालयाने तोड थांबवली. ज्या गाड्यांसाठी ती जागा हवी होती त्या गाड्या आल्याच नाहीत. मी त्या झाडांखाली उभी राहिले तेव्हा मला दोन्ही बाजूंचं दुःख कळत होतं. कामगारांच्या संघटनेला विस्तार हवा होता. त्यांच्या घरातली चूल त्यावर होती.

परतताना नवरा म्हणाला, "म्हणजे शेवटी पैसे वायाच गेले." मला हे अजिबात पटलं नाही. १९६७ ते २०२४. खाणीतून बाहेर काढलेल्या एका अख्ख्या प्रदेशाने त्या शेडवर दोन पिढ्या काढल्या. तंत्रज्ञ तिथे शिकलेलं कसब घेऊन आज आमच्या कंपनीत बॅटरीचे पॅक जोडतोय. हे वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण सरकार मालक झालं, भागीदार झालं, तरी गाडीचं डिझाइन आणि गिऱ्हाईक मात्र कायम बाहेरच्या देशात होतं, आणि निर्णय तिथेच झाले. तासांच्या वहीमागचा विचार मला तिथून घरी येताना पहिल्यांदा उमगला. ज्या माणसाला गोंद का सुटत नाही हे कळलं आहे, तो माणूस करार रद्द झाल्याने जात नाही.

अर्थात माणसालाही पंख असतात आणि कंपनीलाही. नेदरलँड्सच्याच लिथियम वर्क्स या बॅटरी कंपनीचं तंत्र, पेटंट आणि चीनमधला कारखाना मार्च २०२२ मध्ये रिलायन्सने ६ कोटी १० लाख डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. आपल्याकडे जामनगरला रिलायन्सचं बॅटरीचं जे काम उभं राहतंय त्यात ही भर. आणि माणसांचं म्हणाल तर आम्हीच उदाहरण आहोत. परदेशातून आणलेल्या तज्ज्ञाच्या पगारातला ३० टक्क्यांपर्यंतचा भाग इथे पाच वर्षं करमुक्त असतो. माझ्या नवऱ्याला ती सवलत आहे. गावाकडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात, आपल्या लोकांच्या पैशावर शिकलेला मुलगा डच सरकारने करसवलत देऊन आणला, आणि त्याच घरात बसून मी कारखाने कसे आणतात हे शिकतेय. हा विचार मला अस्वस्थ करतो.

आता विजेची गोष्ट, कारण तिच्यापुढे बाकीच्या सगळ्या सवलती फिक्या पडल्या. जून २०२२ मध्ये इथल्या उच्चदाब वीजजाळ्याच्या सरकारी कंपनीने जाहीर केलं की नोर्ड-ब्राबांत आणि लिम्बुर्ग या दोन प्रांतांत मोठ्या ग्राहकांना नवी वीज देता येणार नाही, जाळं भरलं आहे. विजेवरच्या गाड्या, उष्णतेचे पंप, सौर पॅनल, सगळं एकाच वेळी आलं. बॅटरीच्या सेलचा कारखाना तर अतोनात वीज खातो. कोरड्या खोलीतली हवा अहोरात्र कोरडी ठेवावी लागते, कारण लिथियमला ओलावा चालत नाही. आमच्या कंपनीला दुसरी जुळणी-लाइन टाकायची आहे. गिऱ्हाईक आहे, जागा आहे, कर्ज मंजूर आहे. वीजजोडणीसाठी नंबर लागलेला नाही. मी वीजदरातल्या सवलतीच्या फायली केलेली मुलगी. दर कितीही असो, वीजच नाही, ही अडचण युरोपात येऊन बघेन असं कधी वाटलं नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये इथल्या सरकारने आइंडहोवन भागासाठी अडीच अब्ज युरो जाहीर केले, चिप बनवणारी यंत्रं करणारी एएसएमएल कंपनी देश सोडून जाऊ नये म्हणून. ते पैसे गेले घरं, रेल्वे, रस्ते, तंत्रशिक्षण आणि वीजजाळ्याकडे. एवढ्या अवाढव्य कंपनीला थांबवायला सरकारने तिच्या कामगारांच्या घरांचा विचार केला, हे मला फार आवडलं.

बाबांना मी हे सगळं फोनवर सांगते. ते निवृत्त झाले आहेत, पण उद्योगाच्या बातम्या अजून बारकाईने वाचतात. संभाजीनगरजवळच्या बिडकीनला सध्या काय चाललंय ते त्यांच्याकडूनच कळतं. ऑरिक वसाहतीत जेएसडब्ल्यूचा विजेवरच्या गाड्यांचा २७,२०० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला तो जुलै २०२४ मध्ये. रोजगार सांगितलाय ५,२००. टोयोटा किर्लोस्करचे सुमारे २० हजार कोटी. एथरही बिडकीनलाच. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विजेवरील वाहन धोरणाने तर या उद्योगाला राज्यात कुठेही कारखाना काढला तरी मागास भागासाठीच्या सवलती देऊ केल्या. म्हणजे चाकणलाही तेच आणि मराठवाड्यालाही तेच. मला हे खटकतं. मागासपणाची जी एकमेव भरपाई आमच्या वाट्याला होती तिची धार त्याने बोथट केली, आणि तरीही एवढे प्रकल्प आमच्याकडे आले याचा आनंद म्हणूनच जास्त आहे.

मी बाबांना विचारलं, "बजाजची सवलतीची मुदत संपून इतकी वर्षं झाली, ती का नाही गेली?"

ते म्हणाले, "कशाला जाईल? सकाळी एखादा पार्ट कमी पडला तर दुपारी आमच्या युनिटचा टेम्पो गेटवर असायचा. असे शेकड्यांनी युनिट आहेत आजूबाजूला. हे उचलून कुठे नेणार?"

बोर्नवरून आल्यापासून जे मी शोधत होते त्यातलं बरंचसं या उत्तरात होतं. फक्त बॅटरीच्या बाबतीत मला काळजी आहे. स्कूटरचे पार्ट वाळूजच्या लेथवर होतात. सेलमधली कॅथोडची भुकटी, तांब्याचा पातळ पत्रा, मधला पडदा, हे आज मुख्यतः चीनमधून येतं. बिडकीनच्या सवलती या पुरवठादारांपर्यंत पोचतील का, की फक्त मोठ्या शेडपाशी थांबतील? शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सेलच्या रसायनावर काम करणाऱ्या पोरांच्या तासांचे पैसे कोणी भरेल का? दिवाळीत घरी गेले की मी आधी माझ्या जुन्या ऑफिसात जाणार आहे, आणि नव्या योजनेचा दाव्याचा नमुना मागून घेऊन त्यात पगाराचा रकाना आहे का ते बघणार आहे. नसेल तर उद्योग केंद्राला पत्र लिहायचं आहे. मसुदा बाबांनी करायला घेतलाही आहे.